धून वाजेपर्यंत झाकण उघडायचं नाही

"रेडिओच्या बटणांना हात लावायचा नाही! ओला हात नाही, कोरडा हात नाही, धुतलेला हात नाही. कुठलाच हात नाही! कळलं का, एडविन?"

हेस्टरला जाऊन नऊ महिने झाले होते, पण तिचा हा आवाज एडविन आर्चबोल्डच्या कानात रोज सकाळी रेडिओच्याही आधी लागायचा. आणि तिचं काही चूक नव्हतं. फार वर्षांपूर्वी एकदा फुटबॉलचा निकाल ऐकायच्या नादात त्यानं सुई फिरवली होती. पुढचे तीन दिवस घरात नॉर्वेचा कुणीतरी माणूस बोलत राहिला! तो काय बोलतो ते कुणालाच कळत नव्हतं, तरी हेस्टरला तो एडविनपेक्षा समंजस वाटला होता.

डॉक्टरांनी तिला खरं काय ते सांगितलं तेव्हा ती नवऱ्यासमोर रडली नाही. तिनं कागद मागून घेतला आणि दोन संध्याकाळी बसून एक यादी केली. ही यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. यादीत वेळा नव्हत्या, कार्यक्रम होते. रेडिओवर गाणी नाहीत, नुसती माणसांची बोलणी, पहाटेपासून रात्रीपर्यंत. साऱ्या देशाचं ते स्टेशन आर्चबोल्डांच्या घरात चाळीस वर्षं लागलेलं होतं. तेव्हा हेस्टरनं लिहिलं:

शेतकऱ्यांचा कार्यक्रम – ऊठ. चहा.
सकाळच्या बातम्या – दाढी. मंत्री उत्तर टाळायला लागला की लापशी उतरव.
प्रार्थना – टोपी काढ. गप्प बस.
बायकांचा कार्यक्रम – भांडी घास. ऐकू नकोस.
दुपारचं जहाजांचं हवामान – रस्सा चढव.
एकच्या टिकटिकी – पांढरी गोळी.
खेड्यातली मालिका – धून वाजली की रस्सा उतरव, जेव. त्याआधी झाकण उघडायचं नाही!!
नाटक – बूट काढ. झोप.
पाचच्या बातम्या – पाव, चहा.
संध्याकाळचं जहाजांचं हवामान – दिवा.
विनोदी कार्यक्रम – हस. निदान प्रयत्न कर.

घड्याळाचं म्हणाल तर ते फडताळावर होतं, पण बंद. माणूस गेलं की घरातलं घड्याळ थांबवायचं, ही स्केरविकच्या किनाऱ्यावरची जुनी रीत. एडविननं ते आठवणीनं थांबवलं. दफन झालं की पुन्हा चालू करायचं असतं, पण घरातल्या आजवरच्या प्रत्येक मरणात ते काम हेस्टरनं केलेलं. ते यादीत नव्हतं. म्हणून घड्याळात नऊ महिने चार वाजून दहा मिनिटंच झालेली होती.

यादीतल्या बाकी ओळी एडविन पोटासाठी पाळायचा. दिव्याची ओळ मात्र त्याच्या शब्दाची होती. बंदराच्या टोकाला कोळ्यांची लहानशी प्रार्थनाघुमटी आहे. तिच्या पूर्वेच्या खिडकीत एक दिवा असतो, समुद्राकडे तोंड करून. त्यांचा मुलगा लूक ज्या बोटीवर गेला ती बोट परत आली नाही, त्या हिवाळ्यापासून हेस्टर रोज संध्याकाळी तो दिवा लावायची. सव्वीस वर्षं. पाऊस असो, ताप असो, घरात पाहुणे असोत. बंदरावर विजेचा मोठा दिवा होताच, बोटींना हिच्या वातीची गरज नव्हती. गरज कुणाला होती ते ती बोलत नसे. जुलैत सहाला लख्ख उजेड असतो, म्हणून एडविन एकदा म्हणाला होता, "अगं, उजेडात दिवा कशाला?" तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नेम उजेड बघून करायचा नसतो."

इस्पितळात शेवटच्या संध्याकाळी तिनं त्याचं मनगट धरलं. "दिवा तेवढा चुकवू नकोस." तो हो म्हणाला. देवाशी त्याचं फारसं बोलणं नव्हतं. तो जायचा, काडी ओढायचा, "झालं बघ," म्हणायचा आणि परत यायचा. हे त्यानं मुलीलाही सांगितलेलं नव्हतं. हेस्टरनं कधी कुणाला सांगितलं नाही, मग आपण कोण सांगणार?

मुलगी मॉरीन आतल्या गावात राहायची, दोन तासांवर. तिनं वडलांसाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता.

"समुद्रापासून चाळीस मैल!" एडविन फोनवर ओरडला होता.

"पाणी आहे ना, बाबा. हॉलमध्ये माशांची टाकी आहे."

"मासे केवढे?"

"शोभेचे आहेत."

"मग ते मासे नव्हेत."

"बाबा, गुरुवारी तीनला मिस प्रिंगल म्हणून एक बाई येणार आहेत, सरकारी कचेरीतून. तुम्ही एकटे राहू शकता की नाही ते त्या बघतील. त्या म्हणाल्या राहू शकतात, तर मी पुन्हा आश्रमाचं नाव काढणार नाही. नाही म्हणाल्या, तर मात्र..."

"येऊ दे की! माझं घर बघून त्या बाई आपलं घड्याळ लावून घेतील!"

हे त्यानं छाती काढून सांगितलं. वाचकहो, माणसानं छाती काढावी, पण आधी दिवस बघून घ्यावा.

गुरुवार उजाडला तो धुकं घेऊन. समुद्र दिसत नव्हता, बंदर दिसत नव्हतं, शेजारच्या मिसेस टेट यांची मांजर कुंपणावर बसलेली असून दिसत नव्हती. पण रेडिओ वेळेवर होता. मेंढ्यांच्या खुरांचा रोग सांगितला, एडविन उठला. मंत्र्यांनी उत्तर टाळलं, लापशी उतरली. प्रार्थनेला टोपी निघाली. बायकांच्या कार्यक्रमात त्यानं भांडी घासली आणि जेवढं ऐकू नये तेवढं ऐकलं. सगळं कसं गलबत वाऱ्याला लागावं तसं!

आणि अकराच्या सुमारास रेडिओवर एक गृहस्थ गवताबद्दल बोलू लागले. गवत अजून ओलं आहे म्हणाले. खालची माती घट्ट आहे, पण ऊन पडलं तर भेगा जातील. दुसऱ्या गृहस्थांनी ढगांची चौकशी केली.

'परत शेती?' एडविन चमकला. सकाळी तर झाली! पण यादी म्हणजे यादी. शेतकऱ्यांचा कार्यक्रम म्हणजे ऊठ आणि चहा. तो उभाच होता. म्हणून आधी खुर्चीत बसला, मग रीतसर उठला आणि चहा ठेवला.

दुसरा कप अर्धा झाला तोच रेडिओतून टाळ्या वाजल्या. गवताला कोण टाळ्या वाजवतं? तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. क्रिकेट! त्याच्या घरात! या घरात कधी क्रिकेट लागलं नव्हतं. हेस्टरला त्याचा कंटाळा, त्याला तर तिटकारा. स्टेशनवाल्यांना एवढी रीतभात आहे असंच तो आजवर समजत आला होता.

'असेल काही खास,' तो मनाशी म्हणाला. 'फुटबॉल दीड तासात संपतो. हे फार तर दोन तास घेईल.'

बारा वाजता क्रिकेट मध्येच थांबलं आणि जहाजांचं हवामान लागलं. एडविनचा जीव भांड्यात पडला. टाइन, डॉगर या समुद्रांत वारा उत्तरेचा चार, धुकं, दिसणं कमी. त्यानं मटण-बटाट्याचा रस्सा चढवला, झाकण ठेवलं आणि हात चोळले. गाडी रुळावर!

कसली रुळावर! हवामान संपलं आणि पुन्हा टाळ्या.

एक वाजल्याचं सांगणाऱ्या रेडिओच्या टिकटिकी झाल्याच नाहीत. गोळी डबीत, डबी हातात, एडविन रेडिओसमोर. तेवढ्यात रेडिओवरचे गृहस्थ म्हणाले, आता खेळाडू जेवायला जातील. 'चला, माणसं आहेत!' एडविनला बरं वाटलं. आता तरी ही मंडळी उठतील आणि मालिका लागेल. पण खेळाडू गेले, बोलणारे बसूनच! कुणा बाईंनी त्यांना घरी केलेला केक पाठवला होता. त्यात अक्रोड होते. वर लिंबाची साखर होती. एकानं खाल्ला आणि वर्णन केलं. मग दुसऱ्यानं खाल्ला, त्याचं वर्णन आणखी लांबलं. मग मैदानावरच्या कबुतरांचं वर्णन. मग पुन्हा केक, कारण आणखी एका बाईंचा आला. अहो, खेळ बंद पडला तरी बोलणं बंद पडेना!

एडविनच्या पोटात मांजरं भांडत होती. रस्सा रटरटत होता. झाकणाकडे त्याचा हात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा कपाटाच्या दारामागून दोन उद्गारचिन्हांनी त्याच्याकडे बघितलं.

मग मागच्या दारातून मिसेस टेट आत आल्या. सत्तरीच्या, कंबरेत वाकलेल्या आणि जिभेनं ताठ.

"काय रे एडविन, कसला वास येतोय? तुझी ती बाई यायचीय ना आज? आणि हे काय, क्रिकेट ऐकतोयस? दुखतंय का काही?"

"ऐकत नाहीये. संपायची वाट बघतोय. किती वेळ चालतं गं हे?"

"कसोटी आहे, या उन्हाळ्यातली पहिलीच. पाच दिवस."

"पाच... दिवस?"

"आणि पाच दिवसांनी निकाल लागेलच असंही नाही."

एडविन मटकन खुर्चीत बसला. पाच दिवस गोळी नाही! पाच दिवस जेवण नाही! सोमवारी त्याला उचलून न्यायला लागलं असतं आणि तरी कुणी जिंकलेलं नसतं!

"अरे, तुझा हा जुना डबा लाँगवेव्हवर आहे," मिसेस टेट म्हणाल्या. "कसोटी असली की तिथं बाकी सगळं बाजूला सारतात. नेहमीचं सगळं एफएमवर चालू असतं. ते शेजारचं बटण दाब, झालं!"

"हात लावायचा नाही."

"कुणी सांगितलं?"

"हेस्टरनं."

मिसेस टेटनी एकदा त्याच्याकडे, एकदा डब्याकडे बघितलं. तशाच वळल्या आणि घरातून आपला लहान रेडिओ घेऊन आल्या. टेबलावर ठेवून लावला. त्यावर एक बाई खालच्या आवाजात कुणा हेन्रीला समजावत होती.

"हे घे, नेहमीचं. नाटक चालू आहे. माझा पाव भट्टीत आहे, मी पळते. आणि तो गॅस बघ!"

"मालिका? धून?"

"ती कधीच होऊन गेली!" मिसेस टेट धुक्यात नाहीशा झाल्या.

आता आली का पंचाईत! धून होऊन गेली, पण ती त्याच्या घरात वाजली नव्हती. मग झाकण आज उघडायचं की उद्या? यावर यादी काही बोलत नव्हती. नाटकाबद्दल मात्र ती स्पष्ट बोलत होती: बूट काढ, झोप. सकाळच्या लापशीवर असलेला, काळजीनं थकलेला म्हातारा माणूस तो. गॅसचं झोपण्याआधी बघू, असं म्हणत त्यानं बूट काढले आणि कोचावर टेकला. टेकताक्षणी घोरायला लागला.

तीनला दहा कमी असताना मिस प्रिंगल दाराशी उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, काखेत चौदा पानी अर्ज. घंटा वाजवायला बोट उचललं तोच आतून बाईची किंकाळी आली.

"सोड मला, हेन्री! सोड! आई गं!"

आणि लगेच शेकडो माणसांच्या टाळ्या.

"वा!" आतून एक पुरुष शांतपणे म्हणाला. "काय सुरेख हात फिरला!"

मिस प्रिंगल पांढऱ्या पडल्या. आत पुन्हा धपकन आवाज, पुन्हा किंकाळी. "अजून एक असाच बसला," दुसरा गृहस्थ समाधानानं म्हणाला, "तर दिवस सार्थकी लागला. केक घेणार का आणखी?"

नोकरीच्या बावीस वर्षांत मिस प्रिंगलनी पुष्कळ घरं बघितली होती. पण बाईला मारताना प्रेक्षक बोलावून त्यांना केक देणारं घर पहिलंच! त्यांनी छत्री भाल्यासारखी धरली, मागच्या बाजूला धावल्या आणि दार ढकलून आत घुसल्या.

"खबरदार! सोडा तिला!"

आत धूर. गॅसवर काळं ठिक्कर भांडं. टेबलावर दोन रेडिओ एकमेकांवर ओरडतायत. आणि कोचावर एक म्हातारा, पायात नुसते मोजे. तो दचकून उठला आणि अदबीनं विचारता झाला,

"धून वाजली का?"

मिस प्रिंगलनी आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली, मग लहान रेडिओचा कान पिळला. जुन्या डब्याचं क्रिकेट थांबवायला त्यांनी हात पुढे केला आणि म्हातारा गरजला, "हात नाही लावायचा!" पण बोट तोवर बटणावर पडलं होतं.

एडविननं डोळे मिटले. आता नॉर्वेचा माणूस येणार!

पण आला तो नेहमीचाच आवाज, तीनच्या बातम्या सांगणारा.

पुढचा पाऊण तास फार वाईट गेला. हसू येईल तुम्हाला, पण त्याला येत नव्हतं.

"मिस्टर आर्चबोल्ड, दुपारी काय जेवलात?"

"धून वाजली नाही."

"म्हणजे जेवला नाहीत. गोळी?"

"टिकटिक झाली नाही."

"आज वार कोणता?"

"क्रिकेट." मग घाईनं, "गुरुवार! पण क्रिकेट."

"आणि घड्याळात चार दहा झालेत..."

"ते हेस्टर चालू करते," एडविन म्हणाला, आणि खाली बघत राहिला.

मिस प्रिंगलची पेन्सिल थांबली. त्यांनी कपाटाचं दार उघडून यादी वाचली. सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मॉरीनचा फोन आला आणि त्यांना खरं ते सांगावं लागलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मी निघते! सहापर्यंत पोचते. मी येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका! बाबा, ऐकताय ना? मी सांगितलं होतं!"

"ऐकतोय गं," एडविन म्हणाला. भांडण करायलाही अंगात जोर लागतो.

मग दोघांनी मिळून भांडं घासलं. म्हणजे मिस प्रिंगल घासत होत्या आणि एडविन पाणी ओतत होता. रश्श्याचा कोळसा सुटता सुटेना. पाचच्या बातम्या लागल्या तेव्हा एडविननं मुकाट्यानं पाव कापला, दोघांसाठी, आणि पांढरी गोळी चहाबरोबर घेतली.

"मिस्टर आर्चबोल्ड," मिस प्रिंगल रेडिओकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या पत्नीला क्रिकेट आवडायचं का हो?"

"छे! या घरात कधी लागलंच नाही. इतक्या उन्हाळ्यांत एकदा नाही."

"दर उन्हाळ्यात असतं. याच लाँगवेव्हवर. माझे वडील ऐकायचे."

"असेल. आमच्याकडे नाही."

"मग हे बघा." त्यांनी डबा थोडा वळवला. "बाकीच्या सगळ्या बटणांवर धूळ आहे. सुईच्या चाकावर तर बोटभर आहे. आणि हे एकच बटण, एफएमचं, इतकं घासलंय की वरची अक्षरंसुद्धा गेलीत. हे कुणी दाबलं?"

एडविननं चष्मा लावला. बटणाच्या मधोमध एक गुळगुळीत खळगा पडला होता, बोटाच्या टोकाएवढा. लहानशा बोटाच्या.

त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. पाण्याचा नळ ठिबकत होता.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मला म्हणायची हात लावू नकोस. आणि स्वतः बाईसाहेब..."

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"यादीत नाही लिहिलं."

"लक्षातच आलं नसेल. रोजच्या हातातली कामं कोण लिहितं?" मिस प्रिंगलनी अर्ज पुढे ओढला. शेवटच्या पानावर एकच प्रश्न उरला होता. 'कुणी न सांगता, आपणहून, वेळच्या वेळी करतात अशी एखादी गोष्ट.' पुढची रेघ कोरी होती. त्यांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली. "मी इथं काय लिहू, तुम्हीच सांगा."

"खरं असेल ते लिहा," एडविन म्हणाला. दिव्याचं त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घर वाचलं असतं कदाचित. पण हेस्टरचा नेम अर्जात भरायचा? त्याची जीभ उचलेना.

बातम्या चालू होत्या. कुठं संप, कुठं पूर, मंत्री पुन्हा उत्तर टाळत होते. एडविनची चुळबुळ सुरू झाली.

"बाई, आता जहाजांचं हवामान लागेल ना?"

"एफएमवर? नाही, संध्याकाळचं ते फक्त लाँगवेव्हवर असतं. मगाशी क्रिकेट होतं तिथं."

"म्हणजे ती ते बटण सकाळी दाबायची, आणि यावेळी परत..."

"रोज. कसोटी असेल तेव्हा रोज. हेच बटण पुन्हा दाबलं की लाँगवेव्ह."

एडविन उठला. रेडिओसमोर जाऊन उभा राहिला. हात विजारीला पुसला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग जाड, भेगाळलेलं, आयुष्यभर दोर ओढलेलं बोट पुढे केलं आणि बटण दाबलं.

टाळ्या. मग तेच केकवाले गृहस्थ म्हणाले, आता थोडा वेळ आम्ही थांबतो, जहाजांसाठी हवामान. आणि संथ आवाजात एक एक समुद्र येऊ लागला. फोर्थ. टाइन. डॉगर. धुक्याचे पट्टे. दिसणं कमी.

टाइनचं नाव येताच एडविननं खुंटीवरचा कोट काढला. फडताळावरून काड्यापेटी घेतली, कानाशी हलवून बघितली.

"कुठं निघालात? मिस्टर आर्चबोल्ड, तुमची मुलगी येईल आता!"

"येऊ दे. चहा आहे किटलीत." त्यानं टोपी घातली. "अर्ध्या तासात आलो. दिवा लावायचाय, बंदरावर. रोज असतो."

मिस प्रिंगलनी यादीतली ती ओळ आठवून कपाटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग अर्जातल्या कोऱ्या रेघेकडे आणि हातातल्या पेन्सिलीकडे.

एडविननं दार उघडलं, धुक्यात एक पाऊल टाकलं आणि थबकला. पायाला गार लागत होतं. खाली बघितलं तर नुसते मोजे! 'बूट काढ' एवढंच लिहिलं होतं. पुन्हा घाल, असं यादीत कुठंच नव्हतं.

तो आत आला. कोचाच्या टोकावर बसून त्यानं बूट घातले, नाड्या बांधल्या, दोन्ही गाठी ओढून बघितल्या. मग काड्यापेटी खिशात टाकली आणि आवाज न करता दार लोटून बंदराकडे निघाला.